रक्तगटाचं प्रॅक्टिकल

रेणुका सूर्यतळ नांदेडच्या एका क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवायची. क्लास विरूपाक्ष सरांचा. सर मूळचे फिजिक्सचे. लातुरात नाव कमावून ते नांदेडला आले, एक अख्खी इमारत भाड्यानं घेतली आणि जिन्याच्या भिंतीवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो असे लावले, की वर चढणाऱ्या माणसाला आपणच कुठंतरी नापास झालोय असं वाटावं. प्रॅक्टिकलबद्दल सरांचं मत साधं होतं. ज्यावर नीटमध्ये प्रश्न येत नाही ते वहीत उतरवून काढायचं, सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं. त्यामुळं क्लासची प्रयोगशाळा ही एक कुलूपबंद खोली होती. पालक प्रवेशाला आले की ती उघडायची, आतला सांगाडा दाखवायचा आणि परत कुलूप घालायचं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्यालाच कुलूप लागलं. होस्टेलं रिकामी झाली, पोरं मिळेल त्या गाडीनं गावाकडं गेली. रेणुकाही रेणापूरला आईवडिलांकडं आली आणि मधल्या खोलीत मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून शिकवायला लागली.

पावसाळा निम्मा सरल्यावर सरांचा फोन आला. ज्या ज्युनिअर कॉलेजात पोरांची नावं घातली होती, त्या कॉलेजनं प्रॅक्टिकलच्या वह्या मागितल्या होत्या.

"एखादा व्हिडिओ बनवून टाका मॅडम. बघतील पोरं."

"स्वयंपाक बघून पोट भरत नाही सर. हातानं केल्याशिवाय प्रॅक्टिकल होत नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"साहित्य पाठवते. आपापल्या घरी करतील."

"क्लासला काही करावं लागंल का?"

"नाही."

"मग करा," सर म्हणाले.

एसटी अजून बंद होती, म्हणून पहिलं प्रॅक्टिकल घरात मिळेल त्या भिंगावर होतं, कांद्याच्या मुळाचं. पेशी विभागताना दिसतात का ते बघायचं. ठरलेल्या दिवशी सगळ्या वर्गानं फोटो पाठवले, आणि ते सगळे एकाच कांद्याचे निघाले. इंटरनेटवरचा कांदा होता. एका पोरानं तर फोटोखालचं परदेशी विद्यापीठाचं नावसुद्धा तसंच ठेवलं होतं. रेणुकानं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रेंज नव्हती मॅडम, खालचं दिसलं नाही."

रेणुका चिडली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गाला एवढंच सांगितलं, की ह्यापुढं दिसलं ते लिहायचं. दिसायला पाहिजे होतं ते लिहायचं नाही. काहीच दिसलं नाही तर काहीच दिसलं नाही असं लिहायचं, त्याला पूर्ण मार्क मिळतील.

मग एसटी सुरू झाल्यावर तिनं पुड्या पाठवल्या. एकेका पुडीत काचेच्या दोन पट्ट्या, ब्लेड, होमिओपॅथीच्या बाटलीत लाल रंग आणि खेळण्यातल्या लेझर टॉर्चमधून काढलेलं भिंग. ते मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवलं की कामापुरता सूक्ष्मदर्शक तयार होतो. भिंगं काढायचं काम तिचे वडील, केरबा, करायचे. बांधकाम खात्यात टिपरवर ड्रायव्हर म्हणून जन्म गेला होता त्यांचा. टॉर्च उघडायला त्यांना मोठा पाना लागायचा, कारण लहान पाना त्यांच्या बोटांत बसत नव्हता.

हळूहळू पोरं करायला लागली. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या अलीझानं कांद्यातून डीएनए काढला. त्याला गार स्पिरिट लागतं. घरात स्पिरिट नव्हतं, पण त्या वर्षी सॅनिटायझर सगळ्यांकडंच होतं. तिनं बाटली फ्रीजरमध्ये ठेवली. अम्मी म्हणाली, "बीमारीला गारठवून मारून राहिली का?" पण बाटलीत पांढरे धागे तरंगून वर आले तेव्हा अम्मीनं शेजारणीला बोलावून दाखवलं आणि हे कांद्याचं नशीब आहे असं सांगितलं. अलीझानं तेही निरीक्षणात लिहिलं. रेणुकानं त्यावर रेघ मारली नाही.

किनवटच्या पलीकडं जंगलातल्या एका खेड्यात आनंदराज होता. होस्टेल बंद झाल्यावर तो घरी परतला होता. रेल्वेच्या भरावावर चढलं तर त्याला रेंज यायची, गाडी आली की खाली उतरावं लागायचं. त्याच्या पुडीतली रंगाची बाटली वाटेतच फुटली. त्यानं सागाची कोवळी पानं चुरगाळली, त्याचा लाल रस निघतो तो काढला आणि कांद्याचा पापुद्रा त्यात बुडवला. पेशी दिसल्या. जरा मातकट दिसल्या, पण दिसल्या. त्यानं वहीत लिहिलं, "रंग: सागाचा. कारण: बाटली फुटली."

असं चाललं होतं. मग रक्तगटाचा धडा आला.

रक्त काढायचं काम पोरांवर सोपवायला रेणुका तयार नव्हती. घरोघर पोरं बोटं टोचून घेतायत, एखादं चक्कर येऊन पडतंय, ही जबाबदारी तिला नको होती. तिनं लातूरच्या ओळखीच्या पॅथॉलॉजीतून तपासणीच्या सीरमच्या तीन कुप्या थर्मासमध्ये बर्फ घालून आणल्या आणि वर्गाला सांगितलं, की मी करून दाखवते, तुम्ही बघून गट ओळखायचा. नुसतं स्वतःचं रक्त दाखवण्यात मजा नव्हती. तिला आपला गट कॉलेजपासून ठाऊक होता, ओ पॉझिटिव्ह. म्हणून तिनं आईवडिलांनाही बसवायचं ठरवलं. तीन माणसं, तीन काचपट्ट्या, आणि त्यावर आनुवंशिकतेचा प्रश्न. गेली काही वर्षं ती हा धडा शिकवताना आपल्याच नाकाचं उदाहरण द्यायची. "हे बघा, हे माझ्या वडिलांचं नाक," असं म्हणायची. पोरं हसायची आणि धडा लक्षात राहायचा.

केरबांच्या लायसनवर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. लायसन काढून देणारा एजंट सगळ्यांचंच ओ पॉझिटिव्ह लिहायचा, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी केरबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पोरांपुढं जायचं होतं. तिची आई पारूबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, त्यांना सुईचं भय नव्हतं, पण कॅमेऱ्याचं होतं. त्यांनी पदर पुढं ओढून फक्त बोट तेवढं मोबाइलसमोर धरलं.

"आई, तोंड दिसत नाहीये तुझं."

"रक्त दिसायलंय न्हवं? मग झालं."

रेणुकानं आधी आईचं रक्त घेतलं. एका थेंबात ए ओळखणारं सीरम घातलं, दुसऱ्यात बी ओळखणारं, काडीनं हलवलं आणि मोबाइल वरून धरला. दुसऱ्या थेंबात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, दूध नासावं तशा.

"कुठला गट?"

"बी," सगळा वर्ग एकदम बोलला.

मग केरबांचं. त्यांच्या बोटाची कातडी जाड, सुई दोनदा टोचावी लागली. दोन्ही थेंबांत गुठळ्या झाल्या. "एबी," वर्ग म्हणाला, आणि रेणुकाही म्हणाली, "बरोबर, एबी." तिनं लगेच आपलं बोट टोचलं. दोन्ही थेंब तसेच राहिले, गुळगुळीत. "हा ओ. आता आईचा बी, वडिलांचा एबी, मुलीचा ओ. तिघांची जनुकं लिहा आणि कुणाकडून काय आलं ते बाणानं दाखवा."

हे वाक्य ती दर वर्षी म्हणायची, म्हणून ते बोलून होईपर्यंत तिला काही कळलं नाही. पोरंही लिहायला लागली. मग एकेकाचं लिहिणं थांबलं. ऑनलाइन वर्गात शांतता झाली तरी कुठंतरी कोंबडी ओरडत असते, कुठं मिक्सर चालू असतो. त्या दिवशी तेही ऐकू आलं नाही.

एका पोरानं चॅटमध्ये लिहिलं, "एबी बापाला ओ पोर होत नाही." आणि लगेच खोडलं. पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

अलीझाचा माइक सुरू झाला. "मॅडम, सरांचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं सॅम्पल परत घ्यायचं का? काडी बदलायची राहिली असंल."

"घेऊ," रेणुका म्हणाली.

तिनं नवी पट्टी घेतली, नवी काडी घेतली. केरबांनी दुसरं बोट पुढं केलं. तिनं कुप्यांवरची नावं वर्गाला वाचून दाखवली आणि स्वतःही वाचली. थेंब हलवला. गुठळ्या दोन्हीकडं झाल्या, पहिल्यापेक्षा चांगल्या.

केरबा पट्टीकडं वाकून बघत होते. म्हणाले, "ते बरोबर हाय माय. तसंच येणार."

माइक चालू होता.

रेणुकानं घड्याळ बघितलं. तास संपायला थोडा वेळ होता. तिनं आरएच गट म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तिसऱ्या कुपीतलं सीरम घालून दाखवलं, गृहपाठ दिला आणि मोबाइल बंद केला. मग ती मोरीत जाऊन काचपट्ट्या धुवायला लागली. पट्ट्या स्वच्छ झाल्या तरी धूत राहिली. पारूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला सांगितलं न्हवतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ह्यांनी सांगितलं असंल, असं मला वाटलं. दहावीला होतीस तवा म्हणले होते, सांगतो."

"मला वाटलं हिनं सांगितलं," केरबा मागून म्हणाले. "कॉलेजला निघाली तवा ही तुझ्याजवळ बसून रडायली होती. म्हणलं, सांगितलं वाटतं."

"ती नांदेडला चालली म्हणून रडले मी."

"ते मला काय ठावं?"

रेणुकानं नळ बंद केला. "कोणाकोणाला माहीत आहे?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पारूबाई विचार करून म्हणाल्या, "नव्या लोकांना न्हाई माहीत."

"नव्या म्हणजे?"

"तिकडं प्लॉटिंग झालं न्हवं का, ते लोक."

रेणापूरचं प्लॉटिंग मागच्या सालचं. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. पिठाच्या गिरणीवाल्याला, शाळेतल्या बाईंना, तिच्या नाकाचं कौतुक करणाऱ्या शेजारच्या मावशीला. ह्याचा तिला राग आला, आणि राग आलाय हे बघून तिला जरा बरंही वाटलं, कारण त्याआधी काहीच येत नव्हतं. ती ओसरीवर जाऊन बसली. केरबा येऊन शेजारी बसले, इस्त्रीच्या शर्टातच, आणि त्यांनी सांगितलं.

भूकंप झाला तेव्हा खात्यानं सगळे टिपर किल्लारीकडं धाडले. केरबांचाही गेला. ढिगारा भरायचा, गावाबाहेर नेऊन टाकायचा. उन्हाचं कुठं बसायला जागा नव्हती, म्हणून एक म्हातारी टिपरच्या चाकाच्या सावलीला बसायची. तिच्या मांडीवर रांगायला लागलेली एक पोर. म्हातारीचं नाव नागम्मा. तिचं बोलणं अर्धं कानडी. घरात तेवढ्या दोघी उरल्या होत्या. टिपर हलवायचा तर आधी त्यांना उठवावं लागायचं, आणि उठवायला जिवावर यायचं, म्हणून केरबा त्यांच्यापुरते थांबून राहायचे. मुकादम ओरडायचा.

"तुझ्या आईला घरी येऊन सांगितलं. ती दूध द्याया लागली बाटलीत. मी न्यायचो. आमच्या लग्नाला लई वरसं झाली होती आन् पाळणा हालला न्हवता. नागम्मानं विचारलं, घरी लेकरं किती. म्हणलं, एक बी न्हाई."

मग पाऊस लागला. टिनाच्या शेडमध्ये वरून पाणी, खालून पाणी. पोरीला ताप आला. नागम्मानं पोर टिपरच्या केबिनमध्ये ठेवली आणि म्हणाली, आजच्या दिवस घरी ने.

"नेलं. चार दिसांनी ताप उतरला. मी इचारलं, उद्या आणू का? ती म्हणली, राहू दे अजून. दिवाळीला इचारलं, तवाबी तेच. राहू दे अजून. दर बारीला इचारताना वाटायचं, आता आण म्हणंल."

"कोण, कुठली, कोणाची, काही विचारलं नाही तुम्ही?"

"त्या दिसांत कुणी कुणाला इचारत न्हवतं. इचारणं पुढं सुरू झालं, पक्की घरं मिळाल्यावर."

"आणि कागद?"

"शाळेत घालताना केले. कोर्टात आली ती, अंगठा दिला. पण अंगठा वेगळा आन् तोंडानं म्हणणं वेगळं. ती कधी म्हणलीच न्हाई, की ठेवून घे. राहू दे अजून, एवढंच म्हणली. मग तुला काय सांगणार? आमचंच पक्कं न्हवतं."

रेणुकाला मग ती आठवली. दर सालाला एकदा एक म्हातारी यायची, भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. चहा प्यायची, रेणुकाला पुढ्यात उभं करून दात बघायची, केस चाचपायची आणि शेवटची एसटी चुकायच्या आत निघून जायची. रेणुकाला ते आवडत नव्हतं. बाजारात जनावर बघतात तसं वाटायचं. सात-आठ वर्षांमागं तिचं येणं थांबलं, तेव्हा कुणी तरी गुडघ्यांचं सांगितलं होतं आणि रेणुकानं पुढं विचारलं नव्हतं.

"जिवंत आहे?"

"हाव," केरबा म्हणाले. "मी जातो की मधूनमधून. तुझं सांगाया."

दुसऱ्या दिवशी रेणुकानं मोबाइल बघितला तर वर्ग थांबलेला नव्हता. तिनं दिलेला गृहपाठ कुणी केला नव्हता, पण तिच्या आईवडिलांचा प्रश्न सोडवायला सगळे बसले होते. एकानं लिहिलं होतं, सीरम उन्हानं खराब झालं. दुसऱ्यानं लिहिलं, कुप्यांची लेबलं कंपनीतच उलटी लागली. एकीनं कुठल्या तरी दुर्मीळ जनुकाचं नाव शोधलं होतं, त्यात एबी बापाला ओ पोर होऊ शकतं म्हणे. आनंदराजनं भरावावर बसून वहीचं पान भरून वंशवेल काढली होती आणि फोटो पाठवला होता. त्याचं म्हणणं, मॅडमचा गट बॉम्बे असणार. त्या गटाची माणसं साध्या तपासणीत ओ दिसतात, पण असतात वेगळीच. त्यानं केरबांच्या आणि पारूबाईंच्या नावापुढं जनुकं भरली होती आणि खाली लिहिलं होतं, "म्हणून मॅडम ह्यांचीच मुलगी आहे, हे शक्य आ" गाडी आली असावी, कारण शेवटचा शब्द अर्ध्यावरच होता.

रेणुकानं ते पान मोठं करून दोनदा तपासलं. चूक कुठंच नव्हती. तिला रडू आलं ते ह्या ठिकाणी.

दुपारी विरूपाक्ष सरांचा फोन आला.

"मॅडम, एका पालकाची तक्रार आहे. म्हणतात, क्लासमध्ये घरगुती विषय चालतात."

"हो सर."

"हा विषय नीटला येतो का?"

"येतो."

"दर वर्षी?"

"एखादा प्रश्न असतोच."

"मग ठीक आहे," सर म्हणाले. पुढं म्हणाले, "मी बघितलं रेकॉर्डिंग. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा." सरांनी आजवर कुणाला नमस्कार सांगितल्याचं रेणुकाला आठवत नव्हतं.

पुढच्या तासाला सगळ्यांनी वेळेवर हजेरी लावली. रेणुकानं सरळच सुरुवात केली.

"आनंदराज, तुझी वंशवेल बरोबर आहे. पण मी कॉलेजात रक्तदान केलंय. रक्तपेढीत उलट्या बाजूनं, रक्तद्रव घेऊनही तपासतात. माझा गट बॉम्बे असता तर तिथंच कळलं असतं. सीरमही चांगलं आहे आणि लेबलंही सरळ आहेत. खरं कारण असं, की भूकंपानंतर मला ह्या घरी आणलं. मी दत्तक आहे. हे मलाही परवाच कळलं, तुमच्याबरोबर."

मग आनंदराजनं विचारलं, "मॅडम, मग वहीत काय लिहायचं?"

"जे दिसलं ते. आई बी, वडील एबी, मुलगी ओ. निष्कर्ष कोण सांगतं?"

"मी सांगू?" अलीझा म्हणाली. ती शब्द तोलून बोलत होती. "ह्या तपासणीवरून वडील आणि मुलगी ह्यांच्यात नातं नाही असं दिसतं."

"जनुकीय नातं," रेणुका म्हणाली. "जनुकीय हा शब्द लिहायचा. नुसतं नातं लिहिलं तर चूक धरीन."

सगळ्यांनी तो शब्द लिहून घेतला. स्वयंपाकघरात पारूबाईंच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. रेणुकानं पुढचा धडा काढला.

त्यानंतरच्या रविवारी ती तिघं नागम्माकडं गेली. केरबांनी भाच्याची जीप मागून आणली होती. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या आणि सगळी घरं एकसारखी, एकच घर पुन्हा पुन्हा ठेवल्यासारखी. नागम्मा दारातच बसली होती. गुडघ्यांना फडकी बांधलेली, कान थोडे गेलेले. तिनं रेणुकाकडं बघितलं आणि केरबांना विचारलं, "सांगितलंस?"

"हाव. कळलं तिला."

"लई घाई केलीस," नागम्मा म्हणाली. ती हसत नव्हती, त्यामुळं चेष्टा की काय ते कुणाला कळलं नाही.

मग केरबा इतकी वर्षं जे विचारत होते ते त्यांनी एकदाचं धीर करून वेगळ्या शब्दांत विचारलं. "आता ही तुमची का आमची, तेवढं सांगून टाका."

नागम्माला ऐकू आलं नाही. त्यांना मोठ्यानं परत म्हणावं लागलं. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली.

"तिला इचार की," नागम्मा म्हणाली. "ती काय रांगती हाय का आता?"

सगळे रेणुकाकडं बघायला लागले. वर्गासमोर तिला उत्तराची कधी अडचण आली नव्हती. इथं तिनं आधी पारूबाईंकडं बघितलं, मग केरबांकडं. मग म्हणाली, "मी ह्यांची आहे. पण तुमच्याकडं यायचं आहे मला."

"ये," नागम्मा म्हणाली आणि सरकून तिला उंबऱ्यावर जागा केली.

रेणुकानं जन्मदात्या आईबद्दल विचारलं. फोटो नव्हता, काहीच नव्हतं, जे होतं ते ढिगाऱ्यात गेलं, आणि तो ढिगारा कुणाच्या टिपरनं उचलला ते न बोललेलंच बरं होतं. नागम्मानं आठवून सांगितलं. नाव उमादेवी. उंच होती. शाळा झालेली नव्हती. ओव्या-गाणी कधी म्हणायची नाही, भांडायची. हिशेबावरून, पाण्यावरून, लेकरांवरून. सबंध गल्लीत तिच्यापुढं कुणाचं चालत नव्हतं. एकदा म्हणाली की म्हणाली, देव आला तरी ऐकायची नाही.

"तरीच," पारूबाई म्हणाल्या.

"काय तरीच?" रेणुकानं विचारलं.

"काही न्हाई. आमच्या घराण्यात कुणी भांडत न्हाई, एवढंच म्हणले."

नागम्मानं चहा करायला शेजारणीला हाक मारली. चहा पिता पिता तिनं रेणुकाला काय करतेस म्हणून विचारलं. शिकवते म्हटल्यावर कुठं म्हणून विचारलं. फोनवर म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. सोमवारी तास होता. तिघंही रात्री तिथंच राहिली आणि सकाळी पायरीवर बसून रेणुकानं फुलाच्या भागांचं प्रॅक्टिकल घेतलं. नागम्माच्या दारातलं जास्वंदाचं फूल तोडून ब्लेडनं उभं चिरलं. नागम्मा शेजारी बसून मोबाइलमधली पोरं बघत होती. अलीझानं तिला सलाम केला. नागम्मानं केरबांना विचारलं, ह्या पोरांना घरी काही काम नाही का.

त्या वर्षी बारावीची परीक्षा झालीच नाही, मार्क कॉलेजनंच दिले. पण वह्या तपासायला बाहेरचे म्हणून एक प्राध्यापक अहमदपूरहून ऑनलाइन आले. त्यांनी बऱ्याच पोरांच्या वह्यांत "काहीच दिसलं नाही" असं लिहिलेलं बघितलं आणि रेणुकाला विचारलं, ही काय पद्धत. रेणुका त्यांच्याशी बराच वेळ भांडली. शेवटी त्यांनी मार्क दिले. नीटची परीक्षा मात्र झाली. अलीझाला औरंगाबादला मेडिकल मिळालं. आनंदराजला मिळालं नाही. त्यानं बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि सागाच्या रंगावर काहीतरी करून राहिला आहे, असं तो सांगतो. विरूपाक्ष सरांनी क्लास उघडल्यावर प्रयोगशाळेची चावी रेणुकाकडं दिली. सांगाडा तेवढा जिन्यात आणून ठेवला, पालकांसाठी.

नागम्माला केरबांनी दिवाळीला रेणापूरला आणलं, ती संक्रांत झाली तरी गेली नाही. पारूबाईंचं आणि तिचं एका गोष्टीवर पटत नव्हतं. धपाट्यात तीळ वरून लावायचे की पिठात मळायचे, ह्यावरून रोज सकाळी वाद व्हायचा. नागम्मा कानडीत बोलायची, पारूबाई मराठीत, आणि दोघींनाही दुसरी काय म्हणते ते नीट कळायचं. रेणुका नांदेडहून शनिवारी यायची तेव्हा तिला दोन्ही प्रकारची धपाटी खावी लागायची. कुठलं चांगलं असं विचारलं की ती दोघींना वेगवेगळं उत्तर द्यायची. केरबा ओसरीवर बसून हे ऐकायचे आणि मध्ये पडायचे नाहीत.